वरचं मीठ

दीनानाथ टिपणीसांना त्यांचं आडनाव अगदी शोभून दिसायचं. उभी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका खात्यात, फायलींवर टिपण्या लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर दिल्लीतल्याच द्वारकेच्या सोसायटीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तरी हात शिवशिवायचा थांबला नाही. मग ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहायला लागले. कुणाच्या आधार कार्डावर बापाचं नाव चुकलेलं, कुणाचा पाण्याचा मीटर उलटा फिरतोय, कुणाला पोस्टातून परत आलेल्या पत्राबद्दल कुठे दाद मागावी ते कळत नाहीये. ‘टिपनीस अंकल से लिखवा लो’ असं लिफ्टमध्येसुद्धा बोललं जायचं, आणि ते कानावर पडलं की टिपणीस मिशीतल्या मिशीत खूश व्हायचे. बायको सुहासिनी म्हणायची, सरकारने सोडलं पण तुम्ही काही सरकारला सोडलं नाही.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी डाव्या, मग उजव्या. टिपणीसांनी तो वर्षभर अंगावरच काढला. अर्जाची ओळ खालच्या ओळीवर चढायला लागली. एकदा तर शेजारच्या चावलाबाईंचा अर्ज लिहिताना त्यांनी कागद सोडून टेबलाच्या कापडावरच शेवटची ओळ लिहिली. चावलाबाई नुसत्या चहा छान झालाय म्हणाल्या. पण त्या पुढच्या वेळी आल्या नाहीत, आणि हळूहळू कुणीच यायचं बंद झालं. या गोष्टीचं टिपणीसांना किती वाईट वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुपारी बेल वाजली की मात्र ते बसल्या जागी ताठ व्हायचे, आणि कुरिअरवाला असला की पुन्हा सैल पडायचे.

ऑपरेशन म्हणजे काही मोठं नव्हतं, वीस मिनिटांचं काम. पण दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा रिकाम्या हातांनी परत यावं लागलं. पहिल्यांदा ब्लड प्रेशर निघालं एकशे शहाऐंशी, दुसऱ्यांदा एकशे ब्याऐंशी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हिरवा गाऊन घातलेल्या टिपणीसांना म्हणाल्या, “अंकल, एक सौ साठ के नीचे लाइए, उसी दिन कर दूँगी.” गाऊन परत काढून ठेवताना त्याची मागची नाडी काही केल्या सुटेना. शेवटी सुहासिनीने सोडली.

आता हे प्रेशर उतरत का नव्हतं, हाच मोठा प्रश्न होता. गोळ्या वेळच्या वेळी चालू होत्या. पहाटे चालणं होतं. हवा फारच घाण झाली तर घरातल्या घरात, बेडरूम ते बाल्कनी. आणि मीठ तर त्यांनी चौदा महिन्यांपूर्वीच सोडलं होतं.

त्या सोडण्याची कथा सांगायलाच हवी. द्वारकेतले त्यांचे नेहमीचे डॉक्टर राजीव मल्होत्रा. त्यांनी चौदा महिन्यांपूर्वी प्रेशर मोजून दंडाचा पट्टा सोडवता सोडवता सांगितलं, “टिपनीस साहब, ऊपर से नमक बिल्कुल बंद.” आता हिंदीत त्याचा अर्थ इतकाच, की वाढलेल्या अन्नावर मीठ भुरभुरायचं नाही. टिपणीसांचं हिंदी फर्डं होतं, ते हिंदीत भांडायचेसुद्धा. पण जेवणाचा विषय निघाला की त्यांचं डोकं थेट अलिबागेत जायचं. ऊपर का नमक म्हणजे ताटाच्या वरच्या अंगाला वाढतात ते मीठ, पहिलं वाढायचं ते, ज्याच्याशिवाय त्यांची आई पान वाढलं असं मानायचीच नाही! ते बंद? टिपणीसांनी दोन दिवस फाइल दाबून ठेवली. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी सुहासिनीला सांगितलं, “माझ्या ताटात वरचं मीठ वाढू नकोस. हुकूम आहे.”

आणि त्या दिवसापासून तो त्याग त्यांनी असा पाळला की बघणाऱ्याला वाटावं यांनी राज्य सोडलंय. एक वही घातली. रोजची तारीख, सकाळचं प्रेशर आणि पुढे शेरा : ‘वरचं मीठ – निरंक.’ निरंक, म्हणजे कचेरीच्या भाषेत शून्य, हा शब्द त्यांनी वडलांकडून उचललेला, ते अलिबागच्या कचेरीत कारकून होते. डॉक्टरांनी लोणचं-पापडाचं विचारलं, टिपणीसांनी तेही सोडलं. नमकीनचं विचारलं, तेही सोडलं. सुहासिनीने आमटी-भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं. एवढं सगळं करूनही प्रेशर आपलं एकशे ऐंशीच्या घरात ठाण मांडून बसलेलं.

आता या घरात एक सरहद्द होती. सुहासिनी माहेरची शाकाहारी, पुण्याच्या भटा-ब्राह्मणांतली. टिपणीस कायस्थ प्रभू, म्हणजे सोडे, खिमा, कोलंबी हा जन्मसिद्ध हक्क. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हाच तह झाला होता : तुम्ही खा, मी शिवणार नाही. फ्रिज आल्यावर त्याचा सगळ्यात खालचा खण टिपणीसांचा झाला. सुहासिनीने त्या खणाला परराष्ट्र खातं असं नाव दिलं होतं आणि त्या खात्याच्या कारभारात तिने कधीही ढवळाढवळ केली नाही. मुलगा चिन्मय गुरुग्रामला उंच टॉवरमध्ये राहायचा. दर रविवारी येताना तो तिथल्या मोठ्या दुकानातून बाबांच्या आवडीचं चिकन सलामीचं पाकीट आणायचा आणि खालच्या खणात सारून द्यायचा. बाबांना दिसत नाही म्हणून त्यावर जाड मार्करने तारीखही लिहायचा.

सुहासिनी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती रोज दुपारी बारा ते तीन जवळच्या एका संस्थेत मुलींना गणित-विज्ञान शिकवायला जायची. तेवढ्या वेळात टिपणीस आपलं दुपारचं जेवण आपण करून घ्यायचे. ब्रेडच्या स्लाइस, मोहरीचा सॉस आणि मध्ये सलामीच्या चकत्या. रात्रीच्या अळणी आमटीनंतर तेवढंच एक जेवण त्यांना जेवल्यासारखं वाटायचं. वरून मिठाचा कण घालायचे नाहीत. त्यांच्या मते ती सलामी खारट नव्हतीच, जरा गोडसरच होती. डॉक्टर मल्होत्रांनी त्याबद्दल विचारलं नाही, टिपणीसांनी सांगितलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फायलीवर लिहायचं नसतं, हे ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

डिसेंबरात एका मंगळवारी हवा इतकी बिघडली की संस्थेचा वर्ग बंद राहिला. सुहासिनी दुपारी घरी. टिपणीसांनी खालचा खण उघडला, पाकीट काढलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, खिडकीशी नेलं. चिन्मय या वेळी तारीख लिहायला विसरला होता. मुदत उलटलेली वस्तू पोटात घालणं टिपणीसांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

“अगं सुहास, एवढी तारीख बघतेस?”

“तुमच्या खात्यातलं मी बघायचं?”

“अपवाद म्हणून. एकदाच.”

तिने चिमटीत पाकीट धरलं, हात जेवढा लांब करता येईल तेवढा केला आणि चष्मा सरसावला. तारीख ठीक होती. पण छापलेलं काही समोर आलं की पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचं, ही तिची मास्तरकीची खोड. ती वाचत राहिली. मग तिचा लांब केलेला हात हळूहळू जवळ आला.

“अहो, यात सोडियम आहे.”

“सोडे? छे! चिकन आहे ते. सोडे वर्षभरात खाल्ले नाहीत आपण.”

“सोडे नाही हो, सोडियम! शंभर ग्रॅमला नऊशे ऐंशी मिलिग्रॅम.”

टिपणीसांनाही अंगातला सेक्शन ऑफिसर आवरेना. “चिन्मय म्हणाला होता, सर्व्हिंगला तीनशेच्याही आत आहे. समोरच लिहिलंय म्हणे.”

“सर्व्हिंग म्हणजे तीस ग्रॅम. तुम्ही किती चकत्या खाता?”

“सहा. पातळ असतात गं.”

 केकसाठी आणलेला वजनकाटा सुहासिनीने ओट्यावर ठेवला, त्यावर कागद ठेवला आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चिमट्याने का होईना, पण मांसाला हात लावला. सहा चकत्या भरल्या एकशे दहा ग्रॅम. “दीड चकतीला तीस ग्रॅम झाले. दीड चकतीवर थांबणारा टिपणीस अजून जन्माला यायचाय,” ती म्हणाली. मग सोडियमचं मीठ करायला अडीचने गुणलं, तोंडीच. मिठाचा डबा काढला आणि पावणेतीन ग्रॅम मीठ तोललं. एक स्टीलचं ताट घेतलं, त्याच्या वरच्या अंगाला, जिथे वाढतात तिथेच, ते मीठ ओतलं आणि ताट नवऱ्यासमोर ठेवलं.

“हे घ्या तुमचं वरचं मीठ. रोजचं. ब्रेड आणि सॉस अजून धरलेलाच नाही.”

टिपणीसांना ताटात काहीतरी पांढरं दिसलं, धुक्यात दिसावं तसं. त्यांनी बोट पुढे केलं आणि चाचपलं. आईच्या वाढण्यातलं मीठ चिमूटभर असायचं. हा तर ढीग होता. बोटाने त्याची उंची लागली तशी त्यांचा चेहरा उतरला.

“पण ते खारट लागत नाही गं,” ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

“साखरही घालतात त्यात. आणि आमटी अळणी केल्यावर तुम्हाला तेवढं एकच चवदार लागायचं, ते का, हे आता कळलं.” ती रागावली होती, पण नुसती त्यांच्यावर नाही. “मी जन्मभर मुलींना सोडियम शिकवलं. एकदा तो खण उघडला असता तर माझं काय बिघडणार होतं?”

आता गंमत बघा. पाकीट वाचायला डोळे हवेत, डोळ्यांसाठी ऑपरेशन हवं, ऑपरेशनसाठी प्रेशर उतरायला हवं आणि प्रेशर उतरायला पाकीट वाचायला हवं. अशा गोल फिरणाऱ्या फायली टिपणीसांनी नोकरीत ढिगाने पाहिल्या होत्या. त्यांत आपण स्वतःच अडकलोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना हसू फुटलं. पण वही आठवली तसं हसू मावळलं. चौदा महिने रोज निरंक, निरंक! आयुष्यात खोटी टिपणी न लिहिलेला माणूस चौदा महिने खोटं लिहीत होता.

“वही आण,” ते म्हणाले. “लिही : शुद्धिपत्र.” त्यांनी मजकूर सांगितला, तिने लिहून घेतला. ‘मागील सर्व नोंदींतील “निरंक” हा शब्द रद्द समजावा. वरचं मीठ बंद होतं, आतलं चालू होतं.’ सही त्यांनीच केली, तिने बोट धरून दाखवलेल्या जागी.

रविवारी चिन्मय आला तेव्हा सुहासिनी त्याला फैलावर घेणार होती. टिपणीसांनीच थांबवलं. “त्याला बोलू नकोस. बाबांना आवडतं म्हणून आणायचा बिचारा.” चिन्मयला सगळं कळलं. तो तसाच उठला, जाऊन ताजं चिकन घेऊन आला, आणि बापलेकांनी बाल्कनीत छोट्या शेगडीवर ते लिंबू, लसूण, मिरपूड लावून भाजलं. पहिले आठ दिवस टिपणीसांना ते खाणं म्हणजे शिक्षा वाटली. दहाव्या दिवशी त्यांनी न मागता दुसरा तुकडा घेतला. ब्रेडची जागा सुहासिनीच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीने घेतली. डॉक्टर मल्होत्रांना सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, “सर, मैंने पूछा ही नहीं!” म्हणाले, आणि एक गोळीही बदलून दिली. पाच आठवड्यांनी प्रेशर भरलं एकशे शेहेचाळीस. वहीत तो आकडा सुहासिनीने लिहिला आणि पुढे, कुणी न सांगता, उद्गारचिन्ह काढलं.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं, खरंच वीस मिनिटांत. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात पट्टी काढली. टिपणीस डोळे मिटून बसले होते. ते उघडायची त्यांना भीती वाटत होती, आणि ते त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मग उघडले. आधी निळी भिंत दिसली, तीही इतकी निळी की ते दचकलेच. मग समोरच्या खुर्चीत बसलेली सुहासिनी दिसली.

“अगं,” ते म्हणाले, “तुझे केस... सगळेच पांढरे?”

“दीड वर्ष झालं त्याला.”

“तू तर मेंदी लावायचीस. दर महिन्याला.”

“सोडली.” ती पदराशी चाळा करत म्हणाली. “तुम्हाला दिसत नव्हतं. मग म्हटलं, लावायची कुणासाठी?”

 एवढ्यात भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याशी उभ्या असलेल्या नर्सबाई हातातली फूटपट्टी तक्त्यावर टेकवून म्हणाल्या, “अंकल, सबसे नीचे वाली लाइन पढ़िए.”

उभ्या आयुष्यात टिपणीसांनी कुठल्याही कचेरीत कुणाला थांबायला लावलं नव्हतं.

“ज़रा रुकिए सिस्टर,” ते म्हणाले, “पहले इन्हें ठीक से देख लूँ.”

नर्सबाईंनी फूटपट्टी खाली घेतली आणि त्या थांबल्या.