आजेसासऱ्यांचं नाव आणि बसचा थांबा

आमच्या वाडीला नाव होतं, पण आम्हा सुनांना ते घेता येत नव्हतं. माझ्या आजेसासऱ्यांनी वाडी वसवली, त्यांच्याच नावाची. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत. माहेरी गेलं तरी आम्ही 'आमची वाडी' एवढंच म्हणायचो.

मग निगडीच्या बाजूनं नवं शहर आखायला सुरुवात झाली. मोजणीवाले आले तेव्हा पुरुष कंपनीत नाहीतर रानात. आम्ही पाचजणी विहिरीवर होतो. साहेबानं विचारलं, "या वस्तीचं नाव काय?"

थोरल्या जावेनं पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, "आमच्या आजेसासऱ्यांची वाडी."

"त्यांचं नाव काय पण?"

कुणी बोललं नाही. साहेब कागदावर काहीतरी खरडून निघून गेला.

पुढं रस्ता झाला, बस आली, थांब्यावर पाटी लागली. पाटीवर नुसता सेक्टरचा आकडा. पुरुष अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "नकाशात अशी वाडीच नाही. आता शहरवाले झालात, जुनं काय धरून बसता?"

शहर व्हायला माझी ना नव्हती. नळ मलाही हवा होता. पण आमच्या जमिनीवर शहर उभं राहायचं आणि आमचा आकडा व्हायचा, हे मी चालू देणार नव्हते. चूक आमच्या तोंडाची होती, मग ती तोंडानंच निस्तरायची.

पिंपरीच्या मंडईत मेथी विकून मी आणि जाऊ दुपारच्या बसनं परत निघालो. पहिली शिफ्ट सुटलेली, बस कामगारांनी भरलेली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी वाडीचं नाव घेतलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पहिल्यांदा घेतलं. जावेनं कानांवर हात ठेवले.

"असा थांबा नाही मावशी. आकडा सांगा."

"आकडा कैद्याला असतो. मला वाडीचं तिकीट दे."

त्यानं घंटी मारून बस कडेला घ्यायला लावली. "मग उतरा."

"उतरत न्हाई."

मागून एकजण ओरडला, "ओ मावशी, पहाटे चारला उठलोय! म्हणून टाका की आकडा!"

मी वळून बघितलं. मराठवाड्याकडचा कामगार. आमच्या विहिरीशेजारी खोली भाड्यानं घेऊन राहायचा. "तू राहतोस कुठं रं? सांग ना सगळ्यांना."

त्यानं डोकं खाजवलं. "यांच्याच वाडीत राहतो राव," म्हणाला आणि नाव घेतलं. "मलाबी तिथलंच द्या."

बस हसली. "घ्या बाबांनो तुमची वाडी," म्हणत कंडक्टरनं तिकिटं फाडली. तिकिटावर नाव नसतंच, मला ठाऊक होतं. मी सांगितलं, "थांबा आला की मोठ्यानं ओरडायचं." तो ओरडला.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. सासू दारातच उभी. "माझ्या मामंजींचं नाव भर बसमध्ये घेतलंस? लाज हाय का न्हाई?"

"आपण गप्प बसलो म्हणून ते नकाशातनं गेले. मी आता रोज घेणार."

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग लेकीकडं गेली आणि परतताना कंडक्टरला म्हणाली, "माझ्या सुनेनं त्या दिवशी नाव घेतलं न्हाई का, तिथलं तिकीट दे." त्यानं बरोबर दिलं.

मी चौथी शिकलेली. गेरू कालवला आणि पाटीवर आकड्याखाली वाडीचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं, पण वाचता येत होतं. नगरपालिकेचा माणूस पुसून गेला. मी परत लिहिलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "कोण लिहितंय हे?"

"मी. फडकं धुऊन ठेव, उद्या परत लागंल."

नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा नव्या पाट्या आल्या. वर वाडीचं नाव, खाली आकडा. एका पुढाऱ्यानं सभेत सांगितलं, "हे माझ्या पाठपुराव्यानं झालं." म्हणू दे. त्याला गेरू कसा कालवतात तेही माहीत नसेल.

नाव इथं लिहीत नाही, ते वाचायला थांब्यावर या. मी बसमध्ये असले तर वाचायचीही गरज नाही. कंडक्टरच्या आधी मीच ओरडते.