पाटाच्या वळणावरचा डिपर

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नाही. सगळी नोकरी फौजेत गेली, तीही गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर वायर तुटलीय नाहीतर फ्यूज उडालाय... यापलीकडचं तिसरं कारण मी कधी मानलं नाही. इथले अनुभव वाचतो ते झोप येत नाही म्हणून, आणि निम्म्या लोकांना मनातल्या मनात वेड्यात काढतो. आज माझ्यावरच लिहायची पाळी आलीय, तर तुम्हीही खुशाल काढा. फक्त कमेंटमध्ये अंगारे-धुपारे आणि शांती सुचवू नका, एवढी विनंती.

आमचं घर कराडजवळच्या मलकापूरच्या पुढं, हायवे सोडून आत, वस्तीवर. चारी बाजूंनी ऊस. घराकडं यायला एकच रस्ता, पाटाच्या कडेकडेनं. पाट जिथं वळतो तिथं रस्ताही वळतो, आणि त्या वळणावर आलं की रानापलीकडं आमचं घर दिसतं. हे वळण ध्यानात ठेवा.

घरात आता मी एकटाच. बायको, शालन, गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेली. रात्री जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही. मुलगा अमर माझ्यासारखाच फौजेत, पोस्टिंग लांब. सूनबाई आणि नात पुण्यात फ्लॅटवर. घरात दिवसभर कुणी माझ्याशी बोलत नाही, म्हणून टीव्ही चालू ठेवतो... बघत नाही, नुसता चालू ठेवतो.

आता गाडीचं सांगतो. रिटायर झाल्यावर हौसेनं इलेक्ट्रिक गाडी घेतली. वस्तीवरची माणसं लय हसली, मोबाईलसारखी रोज चार्जिंगला लावायची व्हय, म्हणाली. हसू देत. म्हैस विकल्यावर घरामागचा गोठा रिकामाच होता, तिथं चार्जर बसवला, गच्चीवर सोलर घातलं, आणि शालनला घेऊन फिरायला लागलो. औंधला यमाईला जाऊन आलो. तिच्या माहेरी आटपाडीला तर कितीदा गेलो. पहिल्या वेळी येताना चार्ज कमी पडला. एसी बंद करून, भर उन्हात, बैलगाडीच्या चालीनं कसंबसं घर गाठलं. शालन पदरानं वारा घेत होती आणि माझ्याशी चकार शब्द बोलत नव्हती.

या गाडीचा एकच दोष, ती आवाज करत नाही. आमची जुनी जीप हायवे सोडला की घरात ऐकू यायची, आणि मी दारात येईपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. नव्या गाडीचं तसं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शालन मोरीत भांडी घासत होती, मागं वळली तर मी उभा. हातातलं पातेलं पडलं तिच्या. "आवं, चोरावानी काय येताय?" म्हणाली, "येतोय म्हणून कळायला नगं माणसाला?"

मग तिनंच तोड काढली. आटपाडीकडं मोकळं रान, तिचे वडील बाजारातून परतताना लांबूनच बॅटरी दाखवायचे आणि घरातून तिची आई कंदील हलवायची. आमचंही तसंच ठरलं. पाटाच्या वळणावर आलो की मी दोनदा डिपर मारायचा. आमच्या जिन्याच्या वर, गच्चीच्या तोंडाशी एक बल्ब होता, ऊस डोक्याच्या वर गेला तरी वळणावरून दिसायचा. त्याचं बटण स्वयंपाकघरात. शालन ते दोनदा चालू-बंद करायची. म्हणजे बघितलं, चहा टाकलाय, या. गाडीचे हेडलाइट पांढरेशुभ्र एलईडी आणि हिचा तो जुना पिवळा बल्ब. एलईडी लाव म्हटलं तर ऐकली नाही, पिवळा उजेड घरचा वाटतो म्हणायची. शालन होती तितके दिवस हे चाललं, एक दिवस चुकला नाही.

ती गेल्यावर मी डिपर मारणं बंद केलं. कुणाला मारायचा? जिन्यावरचा बल्बही काढून मागं गोठ्यात लावला, गाडी लावताना उजेड पाहिजे म्हणून. खरं कारण सांगू का... वळणावर आलं की नजर त्या बल्बकडंच जायची. तो लागलेला नसायचा. रोज रोज ते सोसेना.

या वर्षी अमर सुट्टीवर आला आणि हट्टालाच पेटला. बाबा, एकटे राहू नका, पुण्याला चला, घर बंद करा. गाडी विका, कारण त्यांच्या सोसायटीत पार्किंगला चार्जर लावू देत नाहीत, कितीदा मीटिंगा झाल्या तरी नाही. मी हो म्हणालो. खरं तर गाडी गेली म्हणजे शालनबरोबरचं शेवटचं काहीतरी गेलं, हे मला कळत होतं. पण इथं राहून तरी मी कुणाची वाट बघणार होतो?

गिऱ्हाईक सांगलीचं मिळालं. कॉलेजात शिकवणारे एक सर आणि त्यांच्या मिसेस, सज्जन माणसं. गाडी पसंत पडली, अडचण एकच, टायर झिजलेले. मी शब्द दिला की चारही नवीन घालून देतो. इलेक्ट्रिक गाडी वजनाला जड असते, पिकअप जोरात, टायर खातेच. कराडला ओळखीच्या दुकानात गाडी नेली. टायर उतरवताना मी तिथंच उभा होतो. दुकानदारानं विचारलं, जुने नेणार का ठेवू? ठेवा म्हटलं. नवे टायर चढले, बॅलन्सिंग झालं, गाडी खाली आली, आणि मला एकदम भरून आलं. औंध म्हणा, आटपाडी म्हणा, शालनला ज्यांनी नेलं-आणलं ते टायर तिथं कोपऱ्यात पडले होते. या नव्यांनी तिला कधी नेलंच नव्हतं. दुकानदाराला वाटलं डोळ्यात धूळ गेली.

सर आणि बाई तिथंच दुकानावर आले. कागद घरी होते. ठरलं असं, सरांनी गाडी चालवत माझ्या घरापर्यंत यायचं, म्हणजे ट्रायलही होईल, कागद घ्यायचे आणि तिघांनी चहा पिऊन त्यांनी तसंच सांगलीला निघायचं. सर स्टेअरिंगवर, मी शेजारी, बाई मागं. दिवेलागणीची वेळ, सूर्य नुकताच बुडालेला. आमच्या पुढच्या रानातला ऊस त्याच आठवड्यात कारखान्याला गेला होता, त्यामुळं वळणावरून घर स्वच्छ दिसणार होतं.

आता नीट ऐका. डॅशबोर्डवर शालननं औंधहून आणलेली यमाईची छोटी पितळी मूर्ती डबल टेपनं चिकटवलेली होती. आमच्याकडं गाडी विकली तरी गाडीतला देव देत नाहीत, तो काढून घरी नेतात. माझा देवावर तेवढाच विश्वास जेवढा भुतावर, पण मूर्ती तशीच दिली असती तर शालन मला कुठूनही शिव्या घालायला आली असती. म्हणून पाटाजवळ आल्यावर मी खाली वाकून नखानं ती टेप खरवडायला लागलो. टेप पक्की बसलेली, निघता निघेना. तेवढ्यात सरांनी विचारलं, डिपर कसा मारायचा? मान वर न करता मी सांगितलं, उजवीकडची दांडी आपल्याकडं ओढा. त्यांनी ओढली. दोनदा.

मूर्ती माझ्या हातात आली, आणि मागून बाई म्हणाल्या, "काका, घरी कुणी आहे वाटतं."

मी विचारलं, का?

"आत्ता दिवा लावला ना कुणीतरी. लागला, गेला, परत लागला, गेला."

सर म्हणाले, हो, मीपण बघितला, वर जिन्यापाशी, पिवळा दिवा. अगदी सहज म्हणाले. त्यांना काय माहीत? मी या खुणेबद्दल आयुष्यात कुणाजवळ बोललो नव्हतो, अमरलाही ठाऊक नव्हतं. मी मान वर केली तेव्हा समोर काळं पडत चाललेलं रान आणि घर. घर अंधारात. मी सरांना गाडी थांबवायला लावली आणि कितीतरी वेळ तिकडं बघत राहिलो. काही नाही.

घरी पोचलो. दाराला मी घातलेलं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आत गेलो, सगळ्या खोल्या बघितल्या. स्वयंपाकघरात चहाचं पातेलं सकाळी पालथं घातलं होतं तसंच होतं. खोटं कशाला सांगू, मी त्याला हात लावून बघितला. गार होतं.

मग बॅटरी घेऊन जिना चढलो. होल्डर रिकामा. नुसता रिकामा नाही, कुंभारमाशीनं त्यात मातीचं घर करून तो गच्च लिंपलेला, माती सुकून टणक झालेली. तिथं बल्ब लावायचा म्हटलं तरी लागला नसता. गोठ्यातला बल्ब म्हणाल, तर गोठा घरामागं, वळणावरून दिसतच नाही. सोलरच्या काचेवर चमकलं म्हणाल, तर सूर्य बुडालेला, आणि पॅनेल दुसऱ्या अंगाला. हेडलाइटचा उजेड खिडकीवर पडून परत आला म्हणाल, तर तो पांढरा आला असता. मी मेकॅनिक माणूस, दुसऱ्या दिवशी सगळं वायरिंग टेस्टरनं तपासलं. त्या जिन्याच्या लाइनला करंटच नव्हता. बल्ब काढला त्या वेळी मीच ती बोर्डातून सोडवून ठेवली होती.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी खाली आलो तर बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी भिंतीवरचा शालनचा हार घातलेला फोटो बघितला होता. मी त्यांना खुणेचं सगळं सांगितलं. बाईंनी परत परत सांगितलं की त्यांनी खरंच दिवा बघितला, थट्टा नाही. मी म्हटलं, सर, माफ करा, गाडी द्यायची नाही. सरांना राग आला, साहजिक आहे, शब्द दिला होता. "राहू दे हो," बाई त्यांना म्हणाल्या, "काकांची गाडी काकांकडं राहू दे." मी त्याच गाडीनं त्यांना कराडच्या स्टँडवर सोडून आलो.

येताना वळणावर थांबलो आणि दोनदा डिपर मारला. पापणी न लवता बघत राहिलो. काहीच झालं नाही.

पुण्याला गेलो नाही. अमर चिडला, आता बोलतो हळूहळू. पुढच्याच आठवड्यात कराडला जाऊन जुने टायर विचारले, त्यातला एकच शिल्लक होता. तो आणून अंगणात ठेवलाय, आत माती भरून शालनच्या मोगऱ्याची फांदी लावलीय. यमाई परत डॅशबोर्डवर बसवलीय.

रोज दिवेलागणीला गाडी काढतो. काम काही नसतं, हायवेपर्यंत जातो आणि परत फिरतो. वळणावर थांबून दोनदा डिपर मारतो आणि बघतो. शेजारचे म्हणतात तिथं नवा बल्ब का लावत नाही. मी मुद्दाम लावत नाही, लाइनही जोडलेली नाही. होल्डर तसाच मातीनं भरलेला ठेवलाय. उद्या तिथं उजेड दिसला तर मला वायरिंगवर संशय घ्यायला जागा नको.

अजून तरी दिसलेला नाही. कधीमधी बाईंना फोन करतो. त्या कंटाळत नाहीत, दर वेळी तेच सांगतात, लागला, गेला, परत लागला, गेला. या सगळ्याला कारण काय, ते मला अजून सापडलेलं नाही आणि कुणी पटण्यासारखं सांगितलेलंही नाही. मला त्याचं तेवढं वाटतही नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं... ती खूण माझ्यासाठी होती, बघितली दोन परक्या माणसांनी, आणि मी त्या वेळी खाली मान घालून टेप खरवडत बसलो होतो.

आता वळणावर मी खाली बघत नाही. बराच वेळ थांबतो. मग घरी येतो, आणि चहा मीच टाकतो.