राहनाळच्या गोडाऊनमधली तुर्की तिरंदाजी

आसावरी टिपणीस कुणाला चटकन आवडावी अशी बाई नव्हती. भिवंडीत नारपोलीच्या एका शाळेत ती सव्वीस वर्षं ग्रंथपाल होती आणि पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून तिने मुख्याध्यापकांनाही स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सुनावलं होतं. तिचा नवरा प्रभाकर स्वभावाने गरीब. हिला भांडायला दुसरं माणूस लागत नाही, असं तो पाहुण्यांना हसत सांगायचा, पण तिची पाठ वळल्यावरच.

पन्नाशीत तिचा उजवा खांदा आखडला. व्यायामाचे व्हिडिओ शोधता शोधता एक दिवस तिला इस्तंबूलच्या नेरिमानबाई सापडल्या. सत्तरीच्या त्या बाई आखूड, वाकड्या धनुष्याची दोरी तीन बोटांनी नाही, तर अंगठ्याने ओढत होत्या. बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला आणि अंगठ्यात शिंगाची अंगठी. आसावरीने त्यांना मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर आलं आणि व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू झाली. अंगठीसाठी माप हवं होतं, तर हिने कणकेच्या गोळ्यात अंगठा दाबला आणि तो ठसा कुरिअरने पाठवून दिला. वाटेत कणीक वाळून आकसली. अंगठी आली ती करंगळीतसुद्धा जाईना. हा अंगठा आहे की शेंगदाणा, असं नेरिमानबाईंनी विचारलं, दुसरी अंगठी करून पाठवली आणि पैसे घेतले नाहीत. एकच अट घातली: ज्याला शिकवशील त्याला हे कुठून आलं ते सांगायचं.

दोन वर्षांनी आसावरी स्वतः शिकवू लागली. राहनाळला दीपेश पाटलाचं एक लांबलचक गोडाऊन भाडेकरूवाचून पडून होतं. दीपेशची मुलगी करिष्मा तिच्याच शाळेत शिकलेली, म्हणून त्याने रविवारी सकाळी दोन तास ते फुकट वापरायला दिलं. नारपोलीच्या कारखान्यांतून चिंध्यांचे गठ्ठे आणून तिने बाण अडवायची भिंत रचली. अकरा बायका यायच्या. कुणाचंही कौतुक करायचं नाही हा आसावरीचा नियम. रंजिता नावाच्या क्लार्कबाईचा बाण पहिल्यांदा मधोमध बसला, तेव्हाही आसावरी एवढंच म्हणाली, चुकून बसला, परत मार.

मग पंचवीस सालचा उन्हाळा आला, तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि तिथल्या मालावर बहिष्काराची हवा सुटली. बाजारात सफरचंदांच्या पेट्यांवरचे शिक्के लोक उलटेसुलटे करून बघू लागले. गोडाऊनच्या दारावरची ‘तुर्की तिरंदाजी वर्ग’ ही पाटी कुणीतरी डांबराने फासली. आसावरीने रॉकेलने ती घासून काढली. पुढच्या रविवारी परत डांबर. अकरांतल्या चार बायकांनी घरच्यांचं नाव सांगून येणं बंद केलं.

दीपेशला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. दसऱ्याला गोडाऊनसमोर शस्त्रपूजन ठेवलंय, असं सांगायला तो घरी आला. मांडव, माइक, तीनशे माणसं. बायकांनी नेम मारून दाखवायचे. बॅनर छापूनच आणला होता. ‘शिवकालीन धनुर्विद्या’, आणि शेजारी हात जोडलेला दीपेश.

प्रभाकर चहा आणायच्या निमित्ताने आत गेला तो आतच राहिला.

‘‘हे खोटं आहे,’’ आसावरी म्हणाली.

‘‘मॅडम, धनुष्य तेच, बाण तेच. निस्तं नाव बदलाचं हाय. तुमी खाली मान घालून हो म्हना, आन् गोडावन जल्मभर वापरा.’’

‘‘आणि नाही म्हटलं तर?’’

‘‘तर कुलूप हाय ना माज्याकडं.’’

सात जणींनी तिला समजावलं. जागा गेली तर भिवंडीत दुसरी मिळायची नाही, हे रंजिताने तिच्या तोंडावर सांगितलं. तेही रडून नाही, चिडून. तुमच्या ताठ्यापायी आमचा खेळ का बुडावा, असं विचारलं. नेम दाखवायला येऊ, एवढंच आसावरीने दीपेशला कळवलं. त्या आठवड्यात तिने नेरिमानबाईंना फोन लावला नाही, कारण त्या काय म्हणतील ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

दसऱ्याला नेम छान बसले. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकाने आपल्या मातीतली, आपल्या पूर्वजांची विद्या, असं म्हणत माइक आसावरीच्या हातात दिला. दीपेश पहिल्या रांगेतून तिच्याकडे बघत होता.

‘‘बॅनरवर लिहिलंय ते खरं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ही तुर्की तिरंदाजी. त्यांच्याकडेही ती मोडली होती. जुनी धनुष्यं मोजून, जुनी हस्तलिखितं वाचून त्यांच्या लोकांनी ती आत्ता आत्ता पुन्हा उभी केली. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण त्यांची मेहनत मी आपल्या नावावर घेणार नाही. महाराजांना उसन्या मोठेपणाची गरज नाही.’’

मांडवात कुजबुज वाढत गेली. मग मागून एकजण ओरडला, ‘‘तर तिकडंच जा की, म्हातारे.’’ दुसऱ्याने, सफरचंदं कुठली खातेस, म्हणून विचारलं. हशा झाला. माइक बंद पडला, म्हणजे पाडला.

दीपेशने दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत चिंध्यांचे गठ्ठे उचलायला सांगितलं. टेम्पोवाला यायला तयार होईना. बारा वाजता शटर खाली आलं ते गठ्ठे आत ठेवूनच.

रविवारी सकाळी आसावरी तरीही राहनाळला गेली. शटरसमोर, रस्त्याच्या कडेला, पिशवीत इलॅस्टिकची रिळं घेऊन उभी राहिली. तिघी आल्या. सगळ्यात शेवटी रंजिता, तोंड फुगवून. बाण नाही, धनुष्य नाही. नुसतं इलॅस्टिक अंगठ्यात अडकवून कानापर्यंत ओढायचं, पाचशे वेळा. कंटेनरवाले हॉर्न मारून जात होते.

दीपेशची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली.

‘‘मॅडम, हितं न्हाय.’’

‘‘रस्ता तुझ्या बापाचा नाही,’’ आसावरी म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘रंजिता, कोपर पडलंय. पहिल्यापासून मोज.’’

रंजिताने दात ओठ खाल्ले, आणि एकपासून मोजायला लागली.