घड्याळजीचं रेकॉर्डिंग

आमचा दादा घड्याळजी. घरीच दुरुस्ती करतो, आणि घड्याळ कानाशी धरून त्याची चाल ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाला परत देत नाही. सख्खा भाऊ माझा, तीस वर्षं एका घरात काढली आम्ही. माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला पेटला की संपलंच.

खाली पत्रे कापायचं दुकान आलं आणि ह्याला घड्याळ ऐकू येईना. दोन घड्याळं बिघडलेलीच परत गेली. धंदा बसायची वेळ आली तेव्हा कुठे त्याने नगरपालिकेत तक्रार केली. कचेरीतल्या साहेबांनी आठ दिवसांचं रेकॉर्डिंग मागितलं.

मग काय, स्वारीने रेकॉर्डर आणला, मोज्यात घातला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगला, कारण दुकान नेमकं तिच्याखाली. रोज संध्याकाळी हेडफोन लावून सगळं ऐकायचा, वहीत वेळा टिपायचा. मला विचारायची तसदी कशाला घेईल?

सुनावणीला मीही गेले. साहेबांनी बटण दाबलं. यंत्र लांब कुठेतरी घरघरत होतं, आणि त्याच्यावर मी. दूधवाला, शेजारीण, दादाचे मळके टॉवेल, कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. पत्रेवाल्याचा उद्धार तर आठही दिवस. मोजलं तर यंत्रापेक्षा माझाच आवाज वरचढ निघाला. तक्रार फेटाळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्रेवाल्याने मात्र स्वतःबद्दलचं सगळं ऐकून घाम पुसला आणि दुपारी दोन ते पाच यंत्र बंद ठेवायचं आपणहून कबूल केलं.

रस्त्यातच मी दादाला फैलावर घेतलं. रोज ऐकत होतास ना, मग माझा आवाज कसा नाही ऐकू आला?

"तू होतीस त्यात?" तो खरंच गोंधळला होता. "मला तर फक्त यंत्रच ऐकू आलं."

हे मात्र झोंबलं. तीस वर्षं मी भिंतीशी बोलत होते म्हणायचं. घरी येऊन तोंडाला कुलूपच लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र बंद, घर चिडीचूप. दादा टेबल ओढत स्वयंपाकघरात आला. एकच घड्याळ सकाळपासून हातात होतं त्याच्या.

"बोल की काहीतरी," तो मान खाली घालून म्हणाला. "तू गप्प झाल्यापासून मला घड्याळ ऐकू येत नाहीये."

डोळे भरून आले माझे, आणि रागही आला. टेबलाने फरशीवर हातभर ओरखडा पाडला होता. मी तिथूनच सुरुवात केली. दादाने घड्याळ कानाला लावलं आणि ऐकू लागला.