यमुताईंची फियाट

इंदुताईंनी बाबनरावांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हे गृहस्थ ड्रायव्हरची वाट पाहत बसलेत असंच त्यांना वाटलं.

नागपुरात नंदनवनच्या त्या गल्लीत राहायला येऊन इंदुताईंना जेमतेम आठवडा झाला होता. टेलिफोन खात्यातली नोकरी संपली, वर्ध्याचं घर भावाच्या मुलांकडे गेलं, आणि भाचीनं घेऊन ठेवलेल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच आल्या. दुपारी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेल्या, तर समोरच्या बैठ्या घराच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक जुनी फियाट उभी होती, फिक्या पिस्त्याच्या रंगाची. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, पाणी लावून बसवलेले केस. काच खाली केलेली. पुढं मात्र कोणीच नव्हतं आणि फाटक बंद होतं. बऱ्याच वेळानं ते उतरले, दार हलक्या हातानं लावलं, कुलूप लावलं आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. समोरच्याचा फोन लागत नसला की टेलिफोनवाल्यांच्या जिवाला चुटपुट लागते, आणि ती सवय निवृत्तीनंतरही जात नाही. भाजी घेऊन परतताना इंदुताई फाटकाशी थांबल्या.

"ड्रायव्हर आजही आला नाही वाटतं?"

गृहस्थांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. जरा हसले.

"तो नाही जी, ती होती. तीन वर्सं झाले जाऊन."

मग खाली उतरून त्यांनी फाटक उघडलं. "या ना बाई. चहा घेता का?"

ही ओळख. पुढं महिना-दोन महिन्यांत, अंगणातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून, इंदुताईंना सगळी हकिकत कळली.

बाबनराव हेडाऊ तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या घरातले. आजोबा, वडील, काका सगळे मागावर. बाबनरावही दहाव्या-अकराव्या वर्षापासून मागावर बसले, ते विणकरांची सोसायटी बुडेपर्यंत. त्यानंतर इतवारीत एका कापडाच्या दुकानात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको यमुताई मौद्याला सरकारी दवाखान्यात नर्स. बाळंतपणं काही वेळ सांगून येत नाहीत, आणि नागपूर-मौदा एसटीचा भरवसा नाही. तिथल्या डॉक्टरांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली जुनी फियाट यमुताईंना देऊन टाकली आणि चालवायलाही त्यांनीच शिकवलं. साडी नेसलेली बाई फियाट चालवत तांडापेठेच्या बोळात शिरली, तेव्हा माग थांबवून माणसं बाहेर आली होती.

"अन् तुम्ही नाही शिकलात?" इंदुताईंनी विचारलं.

"शिकवलं ना तिनं! पण माहे पाय ऐकतच नोते."

मागावर खाली पायपट्ट्या असतात. एक पाय दाबला की दुसरा उचलायचा, तो दाबला की हा उचलायचा. बाबनरावांच्या पायांना तेवढंच येत होतं. गाडीत बसले की क्लच आणि ब्रेक आळीपाळीनं दाबायचे. गाडी उड्या मारत मारत गेली आणि मोकळ्या मैदानातल्या एकुलत्या एका कडुलिंबाला जाऊन भिडली. पुढच्या बंपरवर तो पोचा अजून आहे.

"मंग म्हने, तुम्ही उतरा. हे काही लुगडं नोहे."

तेव्हापासून बाबनराव मागं बसले. पुढं त्यांची आई बसायची, कारण तिला रस्ता दिसला नाही की मळमळायचं. आई गेल्यावर यमुताई म्हणाल्या, आता पुढं या. बाबनराव एकदाच पुढं बसले. समोरून ट्रक आला की त्यांचे दोन्ही पाय खाली सुरू. वर्धमाननगरच्या चौकात यमुताईंनी गाडी बाजूला घेतली. "मांगंच बसा जी तुम्ही. तुमचे पाय माग चालवून राहिले, माह्यं ध्यान तिकडंच जाते."

गल्लीतले लोक काय सोडतात! पानठेल्यावर कोणीतरी हटकून विचारायचं, "काहून गा बाबनराव, ड्रायवरणीले पगार किती देतं?" बाबनराव म्हणायचे, "पगार तिचाच आहे बापा. मीच बिनपगारी आहो."

चाळीस वर्षांचा संसार त्यांनी असा मागून पाहिला. बोलणं व्हायचं ते आरशातून. यमुताई मागची गाडी पाहायला आरशात नजर टाकायच्या आणि तिथंच बाबनरावही सापडायचे. घरात दोघं फार बोलत नसत. गाडीत बोलत.

एका रविवारी बाबनराव काचा पुसत होते. इंदुताईंनी दुसरा फडका उचलला, तसे ते घाईनं म्हणाले, "काच पुसा बाई, पण आरशाले हात नोका लावू. तो तिचा लागलेला आहे."

यमुताईंनी शेवटची गाडी लावली तेव्हा आरसा जसा होता, तसाच त्यांनी तो ठेवला होता. महिन्यातून एकदा कवडू मेकॅनिक इंजिन सुरू करायला यायचा. तोही दारात उभा राहून, आत अर्धा वाकून चावी फिरवायचा. सीटवर बसायची त्याला परवानगी नव्हती. दुपारी मागं बसलं की आरशात काय दिसतं, ते इंदुताईंनी कधी विचारलं नाही.

पण गाडीचं काहीतरी ठरवायलाच हवं होतं. मार्चमध्ये तिचे कागद संपत होते. उंदरांनी एकदा वायरी कुरतडल्या होत्या. कवडू दर खेपेला तेच म्हणायचा, "काकाजी, उभी राहून सडून राहिली ही. कोनाले तरी द्या." हैदराबादहून मुलीचा, दामिनीचा फोन आला की शेवटी गाडी गाडीवरच यायची.

"बाबा, मला चालवता येत नाही तो स्टिअरिंगवरचा गिअर. इकडे ठेवायला जागा नाही. विकून टाका ना."

"पाहातो."

"दोन वर्षं पाहूनच राहिले तुम्ही."

फोन ठेवून बाबनराव इंदुताईंना म्हणाले, "मी मेल्यावर भंगारवाला येईन अन् लोटत नेईन. ते होऊ नाही द्याचं. माह्या डोळ्यादेखत तिचं ठिकाण लागलं पाहिजे."

माणसं येऊन गेली. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात सिमेंटच्या ओट्यावर बसवायची होती, लोकांना फोटो काढायला.

"अन् इंजन?" बाबनरावांनी विचारलं.

"इंजिनचं काय काम काका? काढून टाकू. वजन कमी होते."

बाबनरावांनी त्याला चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवलं. मग उमरेडहून पुतण्या आला, वैभव. त्याला लग्नाच्या वरातीसाठी गाडी हवी होती. "वरचा टप कापतो काकाजी, ओपन करतो. नवरदेव उभा राहिला पाहिजे ना!" बाबनराव म्हणाले, "नवरदेवाले घोडा पाहून दे." त्याला मात्र चहा मिळाला नाही.

आणि मग जानेवारीत हर्षित आला. धरमपेठेतला व्यापारी, चाळिशीचा, शांत माणूस. सावनेर रोडला त्याच्या शेडमध्ये सहा-सात जुन्या गाड्या होत्या आणि सगळ्या चालू स्थितीत होत्या. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, गुडघ्यावर बसून खाली पाहिलं, उलटी उघडणारी पुढची दारं दोनदा उघडली-लावली. हावरटपणा कुठंच नव्हता. इंदुताईंना तो आवडला. बाबनरावांनाही आवडला असावा, कारण ते स्वतःच म्हणाले, "चालवून पाहा."

कवडूनं आदल्या दिवशी नवी बॅटरी बसवली होती. बाबनरावांनी इंदुताईंना बोलावलं, "चला ना बाई तुम्हीबी." आणि सवयीनं मागचं दार उघडून ते डाव्या खिडकीशी बसले.

हर्षित हसला. "काका, पुढे बसा ना! मी काय ड्रायव्हर आहे का?"

"मले पुढं जमत नाही बेटा."

म्हणून पुढं इंदुताई बसल्या. हर्षितनं सीट मागं सरकवली, चावी लावली, आणि कोणताही चांगला चालवणारा करतो तेच केलं. हात वर नेऊन आरसा आपल्याकडे वळवला.

मागं बाबनरावांनी फक्त एकदा श्वास घेतला, पाण्यात पाय घालताना घेतो तसा. इंजिन सुरू झालं. उमरेड रोडपर्यंत जाऊन सगळे परत आले. हर्षित इंजिनच्या आवाजाचं कौतुक करत होता. तो गाडीचा मूळ रंग परत आणणार होता, सीट नव्यानं शिवणार होता, महिन्यातून एकदा बाहेर काढणार होता. "आणि तुम्ही कधीही या काका. तुमचीच गाडी आहे." मागून बाबनराव "हो, हो" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीत कोणी नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी इंदुताई वांग्याच्या भरताची वाटी घेऊन गेल्या, तर बाबनराव गाडीपाशीच होते. पुढचं दार उघडं, मागचंही उघडं. ते पुढं वाकून आरसा जरासा हलवत, मग मागं येऊन बसत, पाहत, उतरून परत पुढं जात. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"कालपासून लावून राहिलो," ते म्हणाले. "कधी टप दिसते, कधी माह्यं कपाळ. तिचे डोळे कुठं दिसत होते ते मले ठाऊक आहे. पण डोळेच नाही, तर आरसा लागला का नाही हे समजाव कसं?"

इंदुताईंनी वाटी खुर्चीवर ठेवली. "मी बसते पुढं. तुम्ही सांगा."

त्या यमुताईंच्या जागेवर बसल्या. स्टिअरिंग त्यांना फार मोठं वाटलं. मागून बाबनराव सांगत गेले, "थोडा खाली. आता उजवीकडं. एवढा नाही. हा, थांबा." इंदुताईंनी आरशात पाहिलं. बाबनराव त्यांच्याकडंच पाहत होते, आणि त्या नजरेत इतकी आशा होती की इंदुताईंना तिथं बसणं अवघड झालं. पण त्या हलल्या नाहीत.

"नाही जी," शेवटी ते हळूच म्हणाले. "उतरा बाई. हे तुमचे डोळे आहेत."

दोघं खुर्च्यांवर बसले. भरीत निवून गेलं. बाबनराव म्हणाले, "मी समजत होतो, गाडी राखून राहिलो. मी तं आरसाच राखून राहिलो होतो." आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजी ठरवावी तसं: "आता चालवनाऱ्याले देतो."

"हर्षितला?"

"तो महिन्यातून एकदा काढीन. चांगला आहे तो. पण पाहुनी ठेवल्यासारखी ठेवीन."

त्यांच्या मनात अंजू होती. मौद्याच्या दवाखान्यात ती यमुताईंच्या हाताखाली लागली, गाडीही त्यांच्याजवळच शिकली. आता कन्हानला नर्स होती आणि आडगावची बाळंतपणं स्कूटरवर करत फिरत होती. यमुताईंच्या तेराव्यालाच तिनं विचारलं होतं, "काकाजी, गाडी द्याची असंन तं मले सांगजा." त्या दिवशी बाबनरावांना त्याचा संताप आला होता, आणि तेव्हापासून त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. आता त्यांनी फोन लावला.

अंजू रविवारी बसनं आली. पन्नाशीची, ठेंगणी, घाईची बाई. आल्या आल्या पाणी प्यायली आणि गाडीकडं गेली.

"काही अट आहे का काकाजी?"

"अट काय वं? चालव. पावसात चालव, चिखलात चालव. रंग उडाला तं उडू दे."

"अन् मले जमंनासं झालं तं?"

"तवा हर्षितभाऊले दे. मी बोललो त्याच्याशी. त्याच्या शेडात राहीन मंग. पण थकल्यावर. आता नाही."

अंजूनं सीट पुढं ओढली, पाठीमागं उशी घातली आणि आरसा आपल्याकडं वळवला. इंदुताईंनी बाबनरावांकडं पाहिलं. ते पाहत होते. नजर त्यांनी बाजूला केली नाही.

"बसा काकाजी, कन्हानपर्यंत चला. संध्याकाळी आणून सोडतो."

"नाही वं. तू जा."

त्यांनी फाटकाचे दोन्ही दरवाजे उघडले. गाडी वळणावर दोनदा अडखळली, मग लागली मार्गाला. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते रस्त्यात उभे होते. मग आत आले, फाटक लावलं, आणि "बाई, आज चहा नाही करत," एवढं म्हणून घरात गेले.

त्या दिवसानंतर दुपारच्या वेळी इंदुताई गॅलरीत कमी जातात. कपडे संध्याकाळी काढतात.

बाबनराव आता शहात्तर वर्षांचे आहेत. त्या घरात एकटेच राहतात. सकाळी भात-वरण स्वतः करतात, रात्रीचा डबा येतो. बाजारात किंवा दवाखान्यात जायचं असलं की चौकापर्यंत चालत जातात आणि शेअरिंगचा ऑटो पकडतात.