अण्णांच्या फोनमधला नकाशा

अण्णा, म्हणजे माझे वडील, घराबाहेर पडताना तीन गोष्टी बंद करतात: गॅस, पंखा आणि मोबाइलचं नेट. नेट चालू ठेवून बाहेर जाणं म्हणजे नळ सोडून गावाला जाणं, असं त्यांचं पक्कं मत. समजावून समजावून मी थकले. शेवटी माणूस बदलत नाही म्हटल्यावर ॲप बदलायचं ठरवलं. नेट नसतानाही रस्ता दाखवेल असं एखादं.

गरज का पडली ते सांगते. आई गेल्यावर अण्णा मैंदर्गीहून सोलापूरला माझ्याकडे राहायला आले, त्याला आता दोन वर्षं होतील. नोकरीभर ते तिकडच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सायकलवरून गावोगाव फिरून गाईम्हशींच्या जखमा बांधायचे. इकडं आल्यापासून दर पंधरा दिवसांनी स्कूटर काढून ते थोरल्या बहिणीला भेटायला जातात. आत्याचं गाव मैंदर्गीच्याही पुढं आहे, तिथवर थेट एस.टी. नाही. उन्हाळ्यात एकदा चारला येणारे अण्णा दिवे लागल्यावर घरी आले. "पंक्चर झालतं," म्हणाले. कुठं काढलं म्हणून विचारलं तर त्यांनी चहा मागितला.

पुण्याच्या माझ्या भावाला हे कळलं आणि त्यानं फोनवरच निकाल दिला: स्कूटर बंद. अण्णा दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. आत्या ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी जागेवर बसलेली. ती इकडं येणं शक्य नाही. स्कूटर बंद म्हणजे बहीणभावाची भेट बंद, हे भावाला पुण्यात बसून कसं कळणार. मी त्याच्याकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली.

मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशा म्हटलं की माझ्या अंगात येतं. पण पहिल्याच ॲपनं मला जमिनीवर आणलं. त्याला नकाशा साठवायला जागा हवी होती, आणि अण्णांच्या फोनमध्ये सुप्रभातच्या फुलांनी कुठं जागाच ठेवली नव्हती. फुलं पुसायला त्यांनी साफ नकार दिला. "माणसं मनानं पाठवत्यात," म्हणाले. ते अंघोळीला गेल्यावर मी निम्मी फुलं पुसून टाकली. त्यांना अजून पत्ता नाही. दुसरं ॲप रस्ता दाखवायचं, पण तोंडानं बोलायचं नाही, आणि स्कूटर चालवता चालवता फोन बघायला मी त्यांना थोडीच देणार होते. तिसरं बोलायचं, तेही मराठीत. मग नेट बंद करून मी त्यांच्या मागे बसले आणि आम्ही परीक्षेला सात रस्ता चौकात गेलो.

"चौकातून तिसऱ्या निर्गमनाने बाहेर पडा," ॲपमधली बाई म्हणाली.

अण्णांनी स्कूटर कडेला घेतली. "काय म्हणतीया ही?"

"तिसरा रस्ता धरा म्हणते."

"मग तसं म्हणावं की. लई शिकलेली दिसतीया." थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "आवाज बरा हाय पण."

एवढं त्यांच्याकडून पुष्कळ झालं. तेच ॲप ठेवलं. आत्याचं गाव मात्र त्यात सापडेना. लहान गाव आहे, नसेल घातलं, असं म्हणून मी मैंदर्गीची खूण केली आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो.

अक्कलकोटपर्यंत बाई बोलत होती आणि अण्णा ऐकत होते. मैंदर्गी आली तेव्हा मी मनातल्या मनात भावाला फोनसुद्धा लावला होता. मग गाव सोडून जरा पुढं गेलो आणि नकाशा संपला. रस्ते नाहीत, ओढे नाहीत, पांढऱ्या कोऱ्या पडद्यावर आमचा निळा ठिपका तेवढा एकटा सरकत होता. मला उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. मी फोनमध्ये महाराष्ट्र उतरवून घेतला होता, आणि आत्याचं गाव कर्नाटकात.

पोरांना सीमा शिकवणारी बाई मी. पण आमच्याकडं हे कुणाच्या ध्यानातच राहत नाही. इकडच्या मुली तिकडं दिलेल्या, तिकडचे बैल इकडच्या दावणीला, आणि घराघरात दोन्ही भाषा. आत्याकडे जाताना आपण दुसऱ्या राज्यात चाललोय असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

अण्णांना सांगितलं तर ते हसले. "गप कर तिला. तिला काय म्हाईत हितलं?"

पुढं ते एकदाही थांबले नाहीत. विहिरीपाशी डावीकडं, लिंबाच्या झाडापासून आत. वाटेत सांगत होते, ह्या वस्तीवर म्हशीचं शिंग मोडलं होतं, त्या मळ्यात खोंडाच्या पायात फाळ घुसला होता. मला त्यांचा भारी अभिमान वाटला. ह्या माणसाची स्कूटर काढून घ्यायला निघालेत, असं म्हणून भावाला झापायची वाक्यं मी तयार करू लागले.

आत्यानं भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. जेवण झाल्यावर मी आत भांडी घासत होते. बाहेर दोघं हळू आवाजात कन्नडमध्ये बोलत होते. मला कन्नड येतं, पण पाण्याच्या आवाजात आत ऐकू जात नसेल असं अण्णांना वाटलं असावं.

त्या दिवशी पंक्चर झालंच नव्हतं. सोलापुरात शिरल्यावर त्यांना घराकडचा रस्ता आठवेना. लोकांनी विचारलं, घर कुठं तुमचं? अण्णा म्हणाले, मैंदर्गी. लोकांनी चांगुलपणानं अक्कलकोट रोड दाखवला आणि अण्णा आल्या वाटेनं परत फिरले. पार अक्कलकोट आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की मैंदर्गीच्या घराला आता कुलूप आहे.

आत्या "तम्मा," एवढंच म्हणाली. कन्नडमध्ये धाकट्या भावाला तसंच म्हणतात.

माझे हात राखेतच थांबले. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. महिनाभर मी त्यांच्यासाठी जायचा रस्ता शोधत होते. तो त्यांना कुणी दाखवायला नकोच होता. त्यांना यायचा रस्ता हवा होता, आणि आमच्या घराची खूण त्या फोनमध्ये करायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

निघण्याआधी ओसरीवर बसून मी ती खूण केली. नाव विचारलं तिथं 'अण्णांचं घर' लिहिलं. मी ऐकलं होतं हे त्यांना सांगितलं नाही. फोन त्यांच्या हातात दिला, तसं त्यांनी चष्मा लावून ते नाव वाचलं आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवला.

मैंदर्गीनंतर बाई पुन्हा बोलायला लागली. अण्णा तिचा शब्द न् शब्द ऐकत होते. आमच्या फाटकापाशी ती म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात. अण्णांनी ब्रेक लावला, पण स्कूटर बंद केली नाही. एक पाय टेकवून ते फाटकाकडं, कुंड्यांकडं, वरच्या गॅलरीकडं बघत राहिले. मग मान अर्धी वळवून त्यांनी मला विचारलं,

"हितंच की?"

"इथंच, अण्णा," मी म्हणाले. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी त्यांच्या मागे मी बसते.