खल्लाफ न्हाव्याची मंदरा

नाईलच्या पूर्व काठावरच्या आमच्या गावात खल्लाफ न्हाव्याइतका बोलका माणूस दुसरा नाही, आणि अंगमेहनतीत त्याच्याइतका ढ माणूस तर अख्ख्या मिन्या जिल्ह्यात मिळायचा नाही. हे गाव म्हणत नाही, तोच म्हणतो. कैरोवाले आम्हा सईदी, म्हणजे दक्षिणेकडच्या, लोकांवर विनोद रचतात. खल्लाफ स्वतःवरच एवढे रचून ठेवतो की त्या बिचाऱ्यांना काही उरतच नाही. "अल्लानं हातात वस्तरा दिला हीच मेहेरबानी," गिऱ्हाइकाच्या हनुवटीला साबण फासत तो सांगतो, "फावडं दिलं असतं तर मी पहिल्याच दिवशी लंगडा झालो असतो!"

एका हिवाळ्यात पाऊस झाला आणि त्याच्या घराचं छप्पर खचलं. खजुरीची खोडं, वर मक्याची ताटं आणि माती, सगळं बापाच्या काळातलं. पोरी निजल्या होत्या त्या कोपऱ्यात ढिगारा पडला आणि ढिगाऱ्याबरोबर विंचू. धाकटीला डसला. पोर तापानं फणफणली, कशीबशी वाचली. ती उठून बसायला लागली तशी खल्लाफची बायको रतीबा दोन्ही पोरींना घेऊन तीन गल्ल्या पलीकडे बापाच्या घरी निघाली.

"डोक्यावर धड छप्पर आलं की न्यायला ये," ती उंबऱ्यातून म्हणाली. "तोवर कर संसार विंचवांशी."

"विंचू परवडले," खल्लाफ चौकात सांगत सुटला, "एकदाच डसतात!" लोक पोट धरधरून हसले. मग तो घरी गेला, शिळी भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली आणि लहान मुलासारखा रडला. हेसुद्धा दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं. त्याच्या पोटात काही राहतच नाही.

गावात घरं बांधणारी एक मंडळी आहे, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांची मिळून. सिमेंट-सळई एक संस्था देते, व्याज घेत नाही, परतफेड झेपेल तशी. पण घाम मात्र रोखीत! आधी दुसऱ्यांच्या घरांवर राबायचं, मग ते सगळे तुमच्या घरावर राबायला येतात. खल्लाफनं नाव दिलं तेव्हा मंडळीचा गवंडी उस्ता बिशारा यानं कपाळावर हात मारून घेतला. "येशू आणि मरियम! याला मी कुठे उभा करू?"

कुठेही उभा केला तरी सारखंच होतं. घमेलं हातात आलं की निम्मं वाटेत सांडायचं आणि उरलेलं बोलण्यात वाळून जायचं. एका घराच्या पायात त्याची एक चप्पल कायमची गाडली गेली आहे. "त्या घराला माझा आधार आहे," तो म्हणतो. पुढे कैरोहून शहरी स्वयंसेवक आले. त्यात बँकेतला एक तामिर होता. ओळंब्याची दोरी स्वतःच्याच गळ्याभोवती गुंडाळून तो केविलवाणा उभा राहिला, तेव्हा खल्लाफनं धावत जाऊन त्याला मिठी मारली. "ये रे माझ्या भावा! मी इथे किती एकटा होतो!"

असं करत करत त्याची पाळी आली. पाया झाला, भिंती वर यायला लागल्या. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, संडास. मधली भिंत कुठे घ्यायची, उस्तानं विचारलं. आणि इथे खल्लाफनं आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

"पुढची खोली मोठी घे. रस्त्याकडे दार ठेव. मंदरा करायची."

आता आम्हा सईदींची ही खोड. घरात पीठ नसलं तरी चालेल, पण पाहुण्या पुरुषांना बसायला मंदरा पाहिजे. बायकापोरांनी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. बडा घर पोकळ वासा! खल्लाफला तर त्याचं जुनंच शल्य होतं. बाप गेला तेव्हा समाचाराला आलेली माणसं गल्लीत उन्हात ताटकळली, दोन बाकं शेजारून मागून आणावी लागली. माझ्या मयतीला तरी लोक सावलीत बसतील, असं त्यानं तेव्हाच मनाशी धरलं होतं.

रतीबाला हे कळायला कितीसा वेळ लागणार? शेजारची हाज्जा फिक्रिया दोन्ही घरांत निरोप पोचवायची, वर पदरचा मीठमसाला घालायची. "ती विचारते, आमची खोली कोणती?"

"मागची."

हाज्जा गेली आणि चप्पल न काढता परत आली. "ती म्हणते, छान. मग पाहुण्यांनाच सांग तुझ्यासाठी स्वयंपाक करायला."

खल्लाफ हसला. म्हणाला, बायकांचा राग, स्लॅब पडला की उतरेल. रागानं माहेरी गेलेल्या बाईला आणायला चार मोठी माणसं घेऊन जावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. पण मोठी माणसं मंदरेच्या बाजूची होती, आणि रतीबाच्या बाजूनं कोणीच नव्हतं, म्हणून तो गेलाच नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळीच सगळी मंडळी जमली. फळ्या ठोकलेल्या, सळई बांधलेली, शिडीवर घमेल्यांची साखळी उभी. पण आमच्याकडे घरच्या बाईनं झगरूता घातल्याशिवाय, म्हणजे जीभ फिरवून ती आनंदाची किलकारी दिल्याशिवाय, पहिलं घमेलं वर चढत नाही. रतीबा निघालीच आहे, असं हाज्जानं ठोकून दिलं होतं. त्या भरवशावर उस्तानं मिक्सर सुरू केला. माल तयार झाला. रतीबाचा पत्ता नाही.

"मी घालते की झगरूता," हाज्जा म्हणाली. "माझा गळा अजून शाबूत आहे."

"गळा शाबूत आहे, पण घर तुझं नाही," खल्लाफ म्हणाला. "खरं सांग. काय म्हणाली ती?"

हाज्जानं पहिल्यांदाच मसाला न घालता सांगितलं. "म्हणाली, त्या खोलीत बसायला लोक एकदाच येतील, तू मेल्यावर. आम्ही तिथे रोज जगायला येणार होतो."

गाव विनोदाची वाट बघत उभं राहिलं. विनोद आला नाही. खल्लाफनं त्या मोठ्या खोलीकडे पाहिलं. भलीमोठी, हवेशीर, आणि मेलेल्या माणसासाठी बांधलेली! मागच्या खुराड्यात धाकटी पोर भिंतीला चिकटून निजलेली त्याच्या डोळ्यांपुढे आली, तशी त्याची त्यालाच लाज वाटली.

"खल्लाफ, सिमेंट बायकोसाठी थांबत नसतं," उस्ता ओरडला.

खल्लाफनं वीट उचलली. मिक्सरसमोरच्या ढिगातलं घमेलंभर काँक्रीट ओढलं आणि मंदरेचं रस्त्याकडचं दार बुजवायला बसला. बाहेरून दारच नाही म्हटल्यावर मंदरा कसली? अंगणाकडच्या दारानं आतून जायची घरचीच खोली झाली.

"अरे, खडीसकट विटा कोण लावतो?" उस्ता किंचाळला.

"मी लावतो! हात दाखवून अवलक्षण नको म्हणून इतके दिवस गप्प होतो."

"बायकोला भ्यायलास!" साखळीतून कोणीतरी टोमणा मारला.

"भ्यायलोच! तू भीत नसशील, तर घरी जाऊन हेच जरा मोठ्यानं बोल बघू."

मग मात्र हशा पिकला. हाज्जा तोवर चपला हातात घेऊन रतीबाकडे पळाली होती. उस्तानं शिव्या देत मिक्सरमध्ये मालावर पाणी शिंपडलं आणि तामिरला विटा द्यायला बसवलं. दोघांनी मिळून जी भिंत रचली तशी गावात कोणी पाहिली नव्हती. एक वीट पुढे, एक मागे, मध्ये खडी. "विटाच वाकड्या आहेत," खल्लाफ म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

रतीबा आली तेव्हा शेवटची ओळ चालली होती. दोन्ही पोरी तिच्यामागे. खल्लाफच्या तोंडाला सिमेंट, अंगातल्या पायघोळ जलाबियाच्या बाहीला सिमेंट. पुढे होऊन तिनं एका विटेला बोट लावलं. वीट हलली. तिच्या ओठाचा कोपराही हलला.

आणि तिनं झगरूता घातला. असा घातला की पलीकडच्या गल्लीतली गाढवं ओरडायला लागली. पहिलं घमेलं शिडीवर चढलं.

खल्लाफ तिच्याजवळ गेला. थोरल्या पोरीची आई म्हणून तो तिला हाक मारायचा. "उम्म विदाद," तो हळूच म्हणाला, आणि या वेळी तो चेष्टा करत नव्हता, "मी गेलो, तर लोक बसतील कुठे गं?"

"आधी जग तर," ती म्हणाली. "आणि गेलासच, तर दार उघडायला कितीसा वेळ? तुझं बांधकाम आहे. एक लाथ पुरे."

अख्खी साखळी हसली. खल्लाफ सगळ्यांत जास्त हसला आणि हसता हसता विटांच्या ढिगावर बसून सगळ्यांसमोर हुंदके द्यायला लागला. रतीबानं त्याचा दंड धरला.

"ऊठ, घमेलं घे," ती म्हणाली. "आपलं छप्पर आहे."